करकोच्यांचा शिष्य

मुलांनो, भाईंदरच्या खाडीवर घिरट्या घालणारी घार तुम्ही पाहिली असेल. पंख न हलवता ती कितीतरी वेळ हवेत तरंगते. ती खाली का पडत नाही, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला का? जर्मनीतील एका मुलाला पक्षी पाहून असेच प्रश्न पडत. त्याचे नाव ओटो लिलिएंथाल.

ओटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी आंक्लाम या लहान गावी झाला. तो लहान असतानाच वडील वारले. गावाजवळच्या कुरणात करकोचे येत. ओटो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्टाफ त्यांच्याकडे टक लावून पाहत. करकोचा वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतो, हे त्यांच्या लक्षात आले. दोघांनी लाकडी पंख करून हातांना बांधले. मित्र हसतील म्हणून ते रात्री टेकडीवरून धावले. पण त्यांना उडता आले नाही.

पुढे ओटो इंजिनिअर झाले. बर्लिनमध्ये त्यांनी वाफेच्या यंत्रांचा कारखाना काढला. पण ते करकोच्यांना विसरले नाहीत. पक्ष्याचा पंख फळीसारखा सपाट नसतो, तो किंचित कमानदार असतो. असा पंख हवेत अधिक चांगला उचलला जातो, हे त्यांनी प्रयोग करून मोजले आणि १८८९ साली पुस्तकात मांडले.

नंतर त्यांनी लाकडी सांगाड्यावर सुती कापड ताणून मोठे पंख बनवले. १८९१ पासून ते टेकडीवरून धावत जाऊन हवेत तरंगू लागले. त्यांनी सुमारे २,००० उड्डाणे केली. काही वेळा ते २५० मीटरपर्यंत गेले. अशी यंत्रे त्यांनी इतरांनाही विकली.

मात्र एक उणीव राहिली होती. हवेत तोल सांभाळायला त्यांना आपले शरीरच इकडेतिकडे झुकवावे लागे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी यंत्राचा तोल गेला. ते सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले.

ही बातमी अमेरिकेत राइट बंधूंनी वाचली. तोल सांभाळताना पक्षी पंखांची टोके पिळतात, हे त्यांनी पाहिले. तशीच सोय त्यांनी आपल्या यंत्रात केली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले.

मुलांनो, पंखाचा आकार लिलिएंथाल यांनी पक्ष्यांकडून घेतला, तर तोल सांभाळण्याची युक्ती राइट बंधूंनी घेतली. एकाचे अपुरे काम दुसऱ्याने पुढे नेले. आता घार दिसली की क्षणभर थांबा आणि तिच्या पंखांची टोके नीट पाहा.