आतल्या आवाजाची वाट पाहताना

१९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी आमदार-खासदारांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि तेव्हापासून ‘आतला आवाज’ हा आपल्याकडे थट्टेचा विषय होऊन बसला. रातोरात पक्ष बदलणाऱ्याला तो हमखास ऐकू येतो. आता वर्तमानपत्रात हा शब्द दिसला की मलाही हसू येते. पण ज्या माणसाने हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात रुजवला, त्या महात्मा गांधींना तो आवाज केव्हा आणि कसा ऐकू येत असे, याचा मागोवा घेऊ लागलो आणि हसू मावळले. कारण त्यांच्या चरित्रात आवाज ऐकू आल्याचे प्रसंग मोजके आहेत. तो ऐकू येत नाही म्हणून थांबून राहिल्याचे दिवस मात्र पुष्कळ आहेत.

आपल्या मनातला समज असा, की देवाचे म्हणणे ऐकायचे तर हिमालयात जावे, निदान आळंदीला चार दिवस राहावे. घरात कुकरची शिट्टी, दारावरची बेल, हातातला मोबाइल, शेजारची भांडणे. यात देव कसा बोलणार? गांधीजींभोवतीचा कलकलाट आपल्या कितीतरी पट मोठा होता. त्यांच्या समग्र लेखनाचे इंग्रजीत शंभर खंड झाले आहेत. व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रांच्या शेजारीच कोणाच्या बद्धकोष्ठावरचा सल्ला, आश्रमातल्या मुलींच्या भांडणाचा निवाडा आणि शेळीच्या दुधाचा हिशेब आहे. हा माणूस ऐकत असे तो या सगळ्याच्या मधोमध बसून.

याचे पहिले धडे त्यांना कोणा संन्याशाने दिले नाहीत. लहानपणी मोहनला भुताखेतांची फार भीती वाटे. घरातली जुनी दाई रंभा हिने त्याला उपाय सांगितला, रामनाम घे. पुढे १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईत उतरले, तेव्हा डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची गाठ रायचंदभाईंशी पडली. रायचंदभाई हिरेमोत्यांचे व्यापारी. लाखोंचे सौदे करीत. पण पेढीवरच्या मेजावर एखादे धर्मग्रंथाचे पुस्तक आणि एक वही असायचीच. सौदा आटोपला, की गिऱ्हाईक पायऱ्या उतरते न उतरते तोच ती वही उघडायची आणि हे गृहस्थ आत्म्याविषयी लिहू लागायचे. तरुण मोहनदासाला याचेच सर्वांत मोठे नवल वाटले. १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, रायचंदभाई गेले. पण बाजारात बसून वही उघडता येते, ही गोष्ट गांधीजी विसरले नाहीत.

त्यांची वही म्हणजे त्यांचा दिनक्रम. पहाटे चारच्या सुमारास उठून प्रार्थना, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, रोजची सूतकताई, रोजचे चालणे, आणि सोमवारचे मौन. या मौनाची हकीकत मला फार आवडते, कारण तिच्यात पावित्र्याचा आव नाही. भेटायला येणारे लोक पाठ सोडीनात, साचलेली पत्रे लिहायला वेळ मिळेना, म्हणून आठवड्यातून एक दिवस बोलणे बंद, इतकी साधी ती सोय होती. त्यातून काही निराळेच हाती लागते आहे, हे पुढे ध्यानात आले. अगदी निकडीचे काही सांगायचे असले, तर ते चिठ्ठीवर लिहून देत. घरातल्या गृहिणीने दुपारी अर्धा तास दार लोटून घ्यावे, तसेच हे. फरक एवढाच, की गांधीजींनी ते दार वर्षानुवर्षे नेमाने लोटले.

आता १९३० सालची गोष्ट. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला होता. २६ जानेवारीला देशभर प्रतिज्ञा घेतली जायची होती. लढा कसा द्यायचा हे ठरवणे गांधीजींवर सोपवले होते आणि सारा देश साबरमतीकडे डोळे लावून बसला होता. १८ जानेवारीला रवींद्रनाथ टागोर आश्रमात आले. त्यांनी सहज विचारले, तर गांधीजींनी सरळ सांगून टाकले, की रात्रंदिवस विचार चालू आहे, पण प्रकाश दिसत नाही. लाखो माणसे खोळंबलेली असताना अजून काही सुचलेले नाही असे कबूल करायला केवढे धैर्य लागत असेल! आपल्याकडे गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्षसुद्धा असे म्हणणार नाही. तो काहीतरी घोषणा करून मोकळा होईल.

फेब्रुवारीत उत्तर आले, आणि ते होते मीठ. जवाहरलाल नेहरूंसारखे सहकारीही आधी गोंधळले. पण गांधीजींचा निश्चय झाला होता. १२ मार्चला ते अठ्ठ्याहत्तर साथीदारांसह निघाले आणि चोवीस दिवस चालून दांडीला पोचले. ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते उत्तर शेवटी स्वयंपाकघरातल्या डब्यात सापडावे, याची मला मोठी मौज वाटते.

त्यांचे ऐकणे नेहमीच असे सुफळ झाले, असे मात्र नाही. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्ध काय करावे हे सुचत नव्हते. मद्रासला राजाजींकडे मुक्काम असताना पहाटे, झोप आणि जाग यांच्या सीमेवर, देशव्यापी हरताळाची कल्पना त्यांना स्फुरली. हरताळ विलक्षण यशस्वी झाला. पण पाठोपाठ अहमदाबाद, वीरमगाम येथे दंगली झाल्या, माणसे मेली. लोकांची तयारी नसताना त्यांना कायदेभंगात उतरवले, ही आपली हिमालयाएवढी चूक, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि सत्याग्रह थांबवला. आवाजाच्या मागे दडून बसले नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग आपल्या पुण्यातला आहे. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राण पणाला लावले आणि त्यातून पुणे करार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या दृष्टीने ते उपोषण म्हणजे दडपण होते, आणि हा आक्षेप बाजूला सारून गांधीजींच्या आतल्या आवाजाचे गोडवे गाणे मला जमणार नाही. एकाला ऐकू आलेल्या आदेशाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते.

त्यानंतर सातच महिन्यांनी, एप्रिल १९३३ च्या अखेरीस, त्याच तुरुंगात एका रात्री त्यांच्या मनात भयंकर खळबळ माजली. अकरा ते बाराच्या दरम्यान, त्यांच्याच सांगण्यानुसार, एकाएकी आवाज आला. कुठले रूप दिसले नाही. त्यांनी तो ऐकला, तो तोच आहे याची खात्री करून घेतली आणि मगच खळबळ शमली. ताजेतवाने वाटून ते लगेच निवेदन लिहायला बसले. यावेळी कोणाकडे मागणी नव्हती; एकवीस दिवसांचा उपवास स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या शुद्धीसाठी होता. वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई तुरुंगात सोबत होते. राजाजींसारख्या जवळच्या मित्राला हे पटत नव्हते. हा मनाचा भ्रम कशावरून नाही, असेही लोकांनी विचारले. गांधीजींनी हा प्रश्न उडवून लावला नाही. सिद्ध करून दाखवायला आपल्याजवळ पुरावा नाही, हे त्यांनी मान्य केले. मात्र कोणीही उठून असा दावा करू नये, त्याआधी वर्षानुवर्षांची शिस्त अंगी बाणलेली हवी, असे त्यांचे म्हणणे होते. ८ मे रोजी दुपारी उपवास सुरू झाला, संध्याकाळी सरकारने त्यांना सोडले. पुण्यातच लेडी ठाकरसींच्या ‘पर्णकुटी’त २९ मे रोजी त्यांनी तो पूर्ण केला. वय त्रेसष्ट होते.

शेवटच्या वर्षात हा आवाज क्वचितच आलेला दिसतो. २ जून १९४७ रोजी माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना नेत्यांपुढे ठेवली आणि नंतर गांधीजींशी बोलणे झाले. तो सोमवार होता. गांधीजींनी जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या, बोलले नाहीत. फाळणीविरुद्ध ते उपोषणाला बसतील असे अनेकांना वाटत होते. ते बसले नाहीत.

मग दिल्ली पेटली. निर्वासितांचे तांडे, ओस पडलेल्या मशिदी, रोज भेटीला येणारी रडणारी माणसे, यांत काही महिने गेले. १२ जानेवारी १९४८, पुन्हा सोमवार. संध्याकाळच्या प्रार्थनेला गांधीजी नेहमीप्रमाणे येऊन बसले. मौन असल्यामुळे त्यांचे लिखित भाषण सुशीला नय्यर यांनी वाचून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून बेमुदत उपवास, असे त्यात होते. नेहरूंना विचारले नव्हते, पटेलांनाही नाही. वाचन चालू असताना ते स्वतः शेजारी गप्प बसून ऐकत होते.