सुरतेत जन्मले, मुंबईसाठी गाजले : १००८ धावांचे रुसी मोदी

सुरत : नंदुरबार-नवापूरकडून ताप्ती लाईनने सुरतेत येणाऱ्या आपल्या माणसाला हे शहर माहीत आहे ते कापड, जरी आणि हिऱ्यांमुळे. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत रविवारी क्रिकेट खेळणारी मराठी पोरंही भरपूर. पण रणजी करंडकाच्या एकाच मोसमात हजार धावा काढणारा देशातला पहिला फलंदाज याच सुरतेत जन्मला, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? त्यांचं नाव रुसी शेहरियार मोदी. टाटा स्टीलचे रुसी मोदी वेगळे, हे क्रिकेटवाले.

जन्म ११ नोव्हेंबर १९२४, पारशी घरात. तेव्हा गुजरात-महाराष्ट्र अशी रेघ नव्हती, सुरत आणि मुंबई एकाच इलाख्यात होत्या. पोरगा उंच आणि अगदी काटकुळा. वयाच्या १७ व्या वर्षी, म्हणजे आपली मुलं कॉलेजात पाऊल टाकतात त्या वयात, ते मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत पारशी संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. प्रथम श्रेणीचा तो पहिलाच सामना आणि त्यात १४४ धावा!

खरी कमाल झाली १९४४-४५ च्या रणजी मोसमात. मुंबईकडून खेळताना त्यांचे आकडे असे : १६०, २१०, नाबाद २४५, नाबाद ३१, ११३, ९८ आणि १५१. बेरीज १००८. पाच सामने, सात डाव, बाद झाले फक्त पाच वेळा. भागाकार करून पाहा, सरासरी येते २०१.६०. पाचही सामन्यांत शतक. यातले शेवटचे दोन आकडे ब्रेबॉर्नवर होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यातले. समोर कर्णधार सी. के. नायडू, होळकरकडून इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनच्या नाबाद २४९ धावा, तरी मुंबई ३७४ धावांनी जिंकली. मोदींचा तो विक्रम १९८८-८९ पर्यंत टिकला. तेव्हा तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांनी १०१८ धावा केल्या.

१९४६ मध्ये ते इंग्लंड दौऱ्यावर गेले आणि लॉर्ड्सवरच्या पहिल्याच कसोटीत नाबाद ५७ धावा काढल्या. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिज भारतात आलं. मुंबई कसोटीत फॉलोऑन मिळाल्यावर मोदींनी ११२ आणि सांगलीच्या विजय हजारेंनी नाबाद १३४ धावा करून सामना वाचवला. मालिकेतला शेवटचा सामनाही ब्रेबॉर्नवरच होता. तोवर भारतानं एकही कसोटी जिंकली नव्हती. लक्ष्य होतं ३६१. पुन्हा हीच जोडी भिडली. हजारे १२२, मोदी ८६. भारत ८ बाद ३५५ वर पोहोचला आणि वेळ थोडी शिल्लक असतानाच पंचांनी खेळ थांबवला. विजय सहा धावांनी राहिला. मालिकेत मोदींच्या ५६० धावा, पण हाती विजय नाही.

भारताचा पहिला कसोटी विजय आला फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला. त्या अकरा जणांत मोदी नव्हते. मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात पाकिस्तानविरुद्ध मुंबई कसोटीत त्यांना पुन्हा घेतलं. त्यांनी ३२ धावा केल्या, हजारेंनी नाबाद १४६, आणि भारत दहा गडी राखून जिंकला. तीच मोदींची शेवटची कसोटी. विजय मिळाला तो निरोपाच्या वेळी, आणि त्याच ब्रेबॉर्नवर.

एकूण १० कसोट्या, ७३६ धावा, सरासरी ४६. पुढे त्यांनी क्रिकेटवर पुस्तकंही लिहिली. १७ मे १९९६ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

१ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली. आता मोदींना मुंबईकर म्हणायचं की सुरती? जन्म तापीकाठचा, धावा मुंबईच्या. सुरतेत जन्मलेली आणि महाराष्ट्रात नाव असलेली हजारो मराठी पोरं आज हेच दोन पत्ते घेऊन जगतात. त्यांना ही गोष्ट आपली वाटायला हरकत नाही.