पानिपताहून परतलेले नाना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज मुंबईची गजबजलेली उपनगरे आहेत. ज्या भूमीवर ती वसली आहेत, तिचे जुने नाव साष्टी. इ. स. १७३७ मध्ये मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून त्यावर आपला अंमल बसविला. त्यानंतर इंग्रजांशी जे दीर्घ युद्ध झाले, त्यात पुणे दरबाराची सूत्रे नाना फडणवीसांच्या हाती होती. चतुर मुत्सद्दी म्हणून नानांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. परंतु तारुण्याच्या उंबरठ्यावर युद्धाने त्यांच्या मनावर केवढा घाव घातला होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे घराणे कोकणातील वेळास गावचे. बालवयातच नानांचे पितृछत्र हरपले आणि पेशव्यांच्या दरबारातील फडणिशीचा वारसा त्यांच्याकडे आला. प्रकृतीने ते नाजूक होते. देवपूजेची आणि हिशेबाच्या कामाची त्यांना गोडी होती. तलवारीची मात्र नव्हती.

१७६० साली सदाशिवरावभाऊ मोठे सैन्य घेऊन उत्तरेकडे निघाले. त्यांच्याबरोबर तरुण नानाही निघाले. उत्तरेतील तीर्थांचे दर्शन घडावे, या इच्छेने त्यांची आई व पत्नीही सोबत होत्या. त्या काळी सैन्यामागून अशी पुष्कळ कुटुंबे व यात्रेकरू जात असत. ज्या वाटेने पुण्य जोडावयाचे, त्याच वाटेवर काळ उभा आहे, याची कोणाला कल्पना होती?

पानिपत येथे अहमदशहा अब्दालीने मराठ्यांची रसद तोडली. दोन महिन्यांहून अधिक काळ छावणीला वेढा पडला. माणसांना अन्न मिळेना, जनावरांना चारा मिळेना. थंडी, भूक आणि दुर्गंधी यांनी माणसे खचून गेली. अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य रणात उतरले. दुपारपर्यंत मराठ्यांनी शर्थ केली. परंतु विश्वासराव पडले, भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि सैन्याची दाणादाण उडाली. त्या वेळी नानांना एकोणिसावे वर्ष चालू होते.

दिवस मावळला आणि नानांनी जीव घेऊन पळ काढला. ओळख पटू नये म्हणून त्यांनी अंगावरची वस्त्रे टाकून दिली. पाठलाग करणारे घोडेस्वार समोर दिसेल त्याला कापून काढीत होते. सोबतची माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत जखमी झाली. नाना गवतात लपून राहिले. पुढे कित्येक दिवस ते अनवाणी चालले. अन्न नव्हते तेव्हा झाडपाला खाऊन त्यांनी दिवस काढले. पुढे पत्नीची भेट झाली. आई मात्र त्यांना पुन्हा कधीच भेटली नाही.

पानिपताचा हा घाव एकट्या नानांवरच पडला नव्हता. पुत्र आणि बंधू गमावलेल्या नानासाहेब पेशव्यांचे मन त्या धक्क्यातून सावरले नाही. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परत आल्या, पण पती गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. पुढे एक तोतया आपण भाऊसाहेब आहोत असे सांगत आला, तेव्हा हजारो लोक त्याच्यामागे गेले. १७७६ मध्ये नानांनीच त्या बंडाचा मोड केला. दुःख असह्य झाले की माणसाचे मन खोट्या आशेचाही आधार घेते, याचे याहून करुण उदाहरण कोणते असेल?

शाहिरांनी पानिपताचे पोवाडे रचले आणि बखरकारांनी बखरी लिहिल्या. त्यांत वीरांच्या पराक्रमाचे वर्णन आहे. नानांनी मात्र वेगळीच गोष्ट लिहिली. आपल्या आयुष्यातील आरंभीच्या काळाची हकीकत सांगणारे एक छोटेसे आत्मचरित्र त्यांनी लिहून ठेवले. मराठी गद्यातील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात त्यांनी स्वतःला शूर म्हणून मिरविले नाही. आपले भय, आपली पळापळ, आपले मनोविकार हे सारे त्यांनी निःसंकोचपणे सांगितले. संसाराविषयीची विरक्ती त्या लेखनात पुन्हा पुन्हा डोकावते. दरबारात मान मिळविणाऱ्या पुरुषाने आपण भ्यालो होतो असे लिहून ठेवावे, यालाही एक प्रकारचे धैर्यच लागते. रणावरील धैर्याहून ते निराळे असले, तरी कमी मोलाचे नाही.

विरक्ती वाटली तरी नानांनी कर्तव्य सोडले नाही. ते पुण्यास परतले आणि पुन्हा फडणिशीच्या कामास लागले. १७७४ मध्ये बारभाईंच्या कारभारात त्यांनी पुढाकार घेतला व अल्पवयी सवाई माधवरावांचे राज्य सांभाळले. १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी इंग्रजांना शरण यावयास लावले. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. त्या तहाने युद्ध थांबले, परंतु साष्टी इंग्रजांकडेच राहिली. नाना स्वतः रणांगणावर फारसे उतरले नाहीत. लेखणी, हेर आणि तह हीच त्यांची शस्त्रे होती. काहींनी त्यांना भित्रे म्हटले. पण पानिपताची ती रात्र ज्याने गवतात पडून काढली, त्याला युद्धाची खरी किंमत इतरांहून अधिक कळली असेल, असे मानावयास जागा आहे.

नानांच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. त्यांचा कारभार कठोर होता आणि स्वभाव संशयी होता. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मराठी भाषेत पूर्ण पराभवाला आजही पानिपत होणे असे म्हणतात. लढाई एका दिवसात संपली. तिचे दुःख भाषेत राहून गेले. देहावरच्या जखमा वैद्य बांधतो, पण मनावरच्या जखमा दिसत नाहीत म्हणून त्या नसतात असे नाही. एका तरुणाने आपली अशी जखम लपविली नाही, ती शब्दांत मांडली आणि तिच्यासह आयुष्यभर राज्याचा भार वाहिला. नानांच्या चरित्रातून घ्यावयाचा हा मोठाच बोध आहे.