महर्षी शिंदे यांची कसोटी

जे आपण भोगले नाही, ते आपल्याला कितपत कळावे? विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र या प्रश्नाचा विचार करावयास लावते. १८७३ साली जमखंडीत मराठा कुटुंबात जन्मलेले, ऑक्सफर्डला जाऊन धर्माचे अध्ययन केलेले शिंदे १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापून थांबले नाहीत. भगिनी जनाबाईंसह सारे घरच त्यांनी या कार्याला जोडले. अस्पृश्यांचा सहवास पत्करला. पुढे, मिशनचा कारभार आपल्याच पुढाऱ्यांच्या हाती असावा, असे त्या समाजातील काहींना वाटू लागले. तेव्हा १९२३ साली शिंदे कार्यकारिणीतून बाजूस झाले. स्नेह मात्र त्यांनी तोडला नाही. दुसऱ्यासाठी शाळा काढणे एकवेळ सोपे; सूत्रे त्याच्या हाती देणे कठीण. परदुःख खरोखर उमगल्याची कसोटी तीच होय.