पैलवान खाशाबा जाधव

आमच्या गावात पारावर नेहमी कुस्तीच्या गप्पा चालतात. खासबागेत कुणी कुणाला चितपट केलं, यावरून म्हातारी माणसं तावातावानं भांडतात. पण खाशाबा जाधवांचं नाव निघालं की सगळ्यांचं एकमत! म्हणून मी त्यांची माहिती लिहीत आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा नंबर आला. मातीत खेळणारा गडी तिथं मॅटवर लढला! १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. पुढे ते पोलीस खात्यात अधिकारी झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी ते अपघातात वारले.

मित्रांनो, पदकाइतकीच मला घर सोडवल्याची गोष्ट आवडते.