स्वदेशी औषधनिर्मितीचे शिल्पकार : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

दानाच्या चार प्रकारांत औषधदानाला आपल्या परंपरेत मानाचे स्थान आहे. परंतु औषध दान करावयाचे तर ते आधी कोठेतरी तयार व्हावे लागते, आणि ते तयार करणाऱ्याने घेणाऱ्याची ऐपतही ध्यानात ठेवावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशाची स्थिती या बाबतीत फार केविलवाणी होती. विदर्भाचा कापूस जसा गाठी बांधून मँचेस्टरला जाई आणि कापड होऊन चढ्या भावाने परत येई, तशाच आपल्या वनस्पती, मुळ्या व बिया परदेशी जात आणि बाटल्या व गोळ्या होऊन परत येत. बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी बंगाल केमिकल उभी करून आणि बडोद्यात १९०७ साली अलेंबिकच्या स्थापनेने या परावलंबनाला उत्तर देण्याचा प्रारंभ झाला होता. त्याच वाटेवर मुंबईत ज्या कर्तृत्ववान पुरुषाने पुढचे मोठे पाऊल टाकले, ते म्हणजे सिप्लाचे संस्थापक डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद होत.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. रसायनशास्त्राची गोडी त्यांना विद्यार्थिदशेतच लागली. १९२० साली महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली, तेव्हा सरकारी शिक्षणसंस्थांवर बहिष्कार टाकणाऱ्या तरुणांत हमीदही होते. त्याच वर्षी अलीगढ येथे जामिया मिलिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीच्या दिवसांत हमीद तेथे कार्यरत होते. पुढे राष्ट्रपतिपद भूषविणारे डॉ. झाकिर हुसेन हे त्यांचे तेथील स्नेही.

१९२४ साली उच्च शिक्षणासाठी ते युरोपला निघाले. जायचे होते इंग्लंडला, परंतु योग असा आला की ते जर्मनीत पोहोचले. हा बदल केवळ त्यांच्याच नव्हे, तर देशाच्याही पथ्यावर पडला असे म्हणावे लागेल. त्या काळी रसायनविद्येत जर्मनीचा हात धरणारा देश नव्हता. रंग, खते आणि औषधे या तिन्ही उद्योगांत तेथील विद्यापीठे आणि कारखाने एकमेकांना जोडलेले होते. प्रयोगशाळेत लागलेला शोध थोड्याच काळात कारखान्यात उतरे आणि कारखान्याचा नफा पुन्हा प्रयोगशाळेकडे वळे. बर्लिन येथे डॉक्टरेट मिळविताना हमीद यांनी हे चक्र जवळून पाहिले. संशोधन हा श्रीमंत राष्ट्रांचा शौक नसून उद्योगाचे बीजभांडवल आहे, हा धडा त्यांनी तेथे घेतला. बर्लिनमध्येच त्यांची ओळख मूळच्या लिथुआनियातील ज्यू कुटुंबातील लुबा देर्चान्स्का यांच्याशी झाली आणि १९२८ साली त्यांचा विवाह झाला. भिन्न देश व भिन्न धर्म असूनही या दांपत्याचा संसार अखेरपर्यंत एकदिलाने चालला.

मायदेशी परतल्यावर डॉ. हमीद यांनी मुंबई ही आपली कर्मभूमी मानली. १७ ऑगस्ट १९३५ रोजी त्यांनी द केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज या नावाची सार्वजनिक मर्यादित कंपनी नोंदविली. या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून सिप्ला हे सुटसुटीत नाव रूढ झाले आणि १९८४ साली तेच कंपनीचे अधिकृत नाव झाले.

कंपनीचे अधिकृत भांडवल सहा लाख रुपये होते. व्यापारी वाचकांना सांगावयास नको की अधिकृत भांडवल म्हणजे तिजोरीत जमा झालेली रक्कम नव्हे. तेवढ्या रकमेपर्यंत भाग काढण्याची ती परवानगी असते. ज्या काळात लोक आपली बचत सोने, जमीन किंवा सावकारी यांपलीकडे सहसा गुंतवीत नसत, त्या काळात औषधांच्या नव्या कारखान्याचे भाग घेण्यासाठी त्यांचे मन वळविणे सोपे नव्हते. येथे डॉ. हमीद यांनी केलेली एक गोष्ट मोलाची आहे. त्यांच्या मालकीची अनेक औषधांची पेटंटे आणि सूत्रे होती. ती सर्व त्यांनी कंपनीला दिली आणि त्यांवर एक पैसाही स्वामित्वधन घेतले नाही. भागधारकांचे पैसे मागताना संस्थापकाने स्वतःची विद्या आधी पेढीत जमा केली. नव्या उद्योगाची पत यापेक्षा निराळ्या रीतीने क्वचितच उभी राहते.

जागेची निवडही अशीच हिशेबी होती. मुंबई सेंट्रल परिसरात बेलासिस रोडवर काही खोल्यांचा एक लहानसा बंगला दरमहा ३५० रुपये भाड्याने वीस वर्षांच्या करारावर घेण्यात आला. वर्षाचे ४,२०० आणि वीस वर्षांचे ८४,००० रुपये; म्हणजे इमारतीपायी भांडवल अडकवून न ठेवता ते यंत्रे, कच्चा माल आणि माणसे यांसाठी मोकळे ठेवण्यात आले. २२ सप्टेंबर १९३७ रोजी कंपनीची पहिली औषधे बाजारात जाण्यास सिद्ध झाली. नोंदणीपासून पहिल्या मालापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात खर्च चालू होता आणि विक्री शून्य होती. औषधाच्या धंद्यात धीर हेच पहिले भांडवल, याचा अनुभव त्यांना तेथेच आला.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी या कारखान्याला भेट दिली आणि एका भारतीय उद्योगाविषयी समाधान व्यक्त केले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. समुद्रमार्ग असुरक्षित झाले, परदेशी औषधांची आवक मंदावली आणि परावलंबनाचे सर्व धोके एकदम उघडे पडले. १९४१ पासून सिप्लाने शुद्ध रसायनांचे उत्पादन सुरू करून आपली साधनसामग्री या निकडीसाठी वाहून टाकली. आयात बंद पडली की केवळ गोळ्या भरून व बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून भागत नाही, मूळ रसायनेही घरीच तयार झाली पाहिजेत, हा निष्कर्ष डॉ. हमीद यांनी काढला. १९४४ साली, भाडेकराराची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी, कंपनीने बेलासिस रोडची जागा विकत घेतली आणि विक्रोळी येथे जमीन व इमारती घेण्याचेही ठरविले. सुरुवातीला भाडे आणि पाय स्थिरावल्यावर खरेदी, हा क्रम कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याला पटण्यासारखाच आहे.

याच काळात त्यांनी आपल्या कंपनीच्या चार भिंतींपलीकडे पाहिले. एकट्या खासगी कारखान्याला मूलभूत संशोधनाचा भार पेलणे अशक्य आहे, हे ओळखून औद्योगिक संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेचा आराखडा त्यांनी सरकारपुढे मांडला. १९४२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, तिच्या मुळाशी असलेल्या विचारांत या आराखड्याचा वाटा मोठा होता. डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या नेतृत्वाखाली या परिषदेने देशभर प्रयोगशाळा उभारल्या. त्यांपैकीच एक, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, जानेवारी १९५० मध्ये सुरू झाली.

फाळणीचा प्रसंग त्यांच्यासाठी कसोटीचा होता. धर्माच्या आधारावर देश तोडण्यास त्यांचा विरोध होता. ते भारतातच राहिले आणि मुंबईच्या विधान परिषदेत व सार्वजनिक जीवनात त्यांनी दीर्घकाळ काम केले. मुंबईच्या शेरीफपदाचा मानही त्यांना मिळाला.

१९५१ साली एका स्विस कंपनीशी औषधनिर्मितीचा करार झाला आणि १९५२ साली सिप्लाचा पहिला संशोधन विभाग सुरू झाला. ही दोन वर्षे लागोपाठ यावीत, यात त्यांचे धोरण दिसते. परक्याकडून तंत्र घ्यावे, परंतु त्याच वेळी ते स्वतःच्या घरात आत्मसात करणारी माणसेही तयार करावीत. नाहीतर करार संपताच हात रिकामे राहतात. कंपनीच्या स्थापनेनंतर संशोधन विभागासाठी सतरा वर्षे थांबावे लागले, हेही विसरता कामा नये. विक्रीतून नफा, नफ्यातून संशोधन आणि संशोधनातून नवा माल, ही साखळी जुळेपर्यंत संयम ठेवावा लागला. १९६० साली विक्रोळीचा कारखाना सुरू झाला. वनस्पतिजन्य द्रव्यांपासून शुद्ध रसायने काढण्यावर तेथे विशेष भर होता. त्याच वर्षी केंब्रिज येथून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद कंपनीच्या संशोधनकार्यात रुजू झाले.

परंतु भांडवल, जागा, तंत्र आणि माणसे असूनही एक दार बंदच होते. ते म्हणजे १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा. त्यानुसार सोळा वर्षांपर्यंत पेटंटधारकाचा एकाधिकार चाले आणि औषधांच्या बाबतीत तो मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या हाती होता. हा प्रश्न कापडाच्या उदाहरणाने लवकर उमगेल. कोणी विणण्याची एखादी नवी रीत शोधली, तर त्या रीतीवर काही वर्षे त्याचा हक्क असणे न्याय्य आहे. पण सबंध पातळावरच हक्क सांगून, दुसऱ्या रीतीने विणलेले पातळही विकू नये असे तो म्हणू लागला, तर इतर विणकरांनी काय करावे? औषधांत नेमके हेच घडत होते. अमेरिकेतील सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही १९६० च्या सुमारास भारतातील काही औषधांचे दर जगातील सर्वांत चढ्या दरांपैकी असल्याचे नमूद केले होते. गरीब देशाने श्रीमंत देशांहून महाग औषध घ्यावे, ही विपरीत अवस्था होती.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. नवे औषध शोधण्यास अमाप पैसा व वर्षानुवर्षांचे श्रम लागतात, आणि शोधकाला संरक्षण मिळाले नाही तर तो पुढचा शोध कशाच्या बळावर लावील, हा परदेशी कंपन्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. मात्र रुग्णाचा जीव आणि शोधकाचा नफा यांत तोल राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे, अशी डॉ. हमीद व त्यांच्या सहकाऱ्यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद समितीने आणि पुढे १९५९ साली न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी या कायद्याचा सखोल विचार केला. १९६१ साली भारतीय औषध उत्पादकांची संघटना स्थापन झाली, तिच्या उभारणीतही डॉ. हमीद यांचा पुढाकार होता. अखेर संसदेने १९७० साली नवा पेटंट कायदा संमत केला. औषधावरील हक्क रद्द होऊन केवळ ते तयार करण्याच्या रीतीवर, तोही जास्तीत जास्त सात वर्षांचा, हक्क राहिला. २० एप्रिल १९७२ रोजी हा कायदा अमलात आला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, डॉ. हमीद यांनी इहलोकीची यात्रा संपविली. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद त्या वेळी आपल्या पुसदचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्याकडे होते. ज्या दारावर डॉ. हमीद आयुष्यभर थाप देत राहिले ते उघडलेले त्यांनी पाहिले, पण त्यातून आत गेले ते पुढच्या पिढीचे लोक.

त्यांनी पेरलेल्या बीजाला पुढे आलेली फळे पाहिली म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष पटते. आपल्या अंगणात बारा महिने फुलणारी सदाफुली कोणास ठाऊक नाही? तिच्यापासून विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे तयार करण्याची रीत सिप्लाने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने १९८४ साली सिद्ध केली. पित्याने ज्या राष्ट्रीय प्रयोगशाळांचा आराखडा मांडला, त्यांतील एकीशी पुत्राने भागीदारी केली. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने १९९१ साली एड्सवरील झिडोव्हुडिन हे औषध देशात तयार झाले. २००१ साली तर सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा उपचार सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या वेळी पाश्चात्त्य देशांत याच उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. आफ्रिकेतील अगणित रुग्णांना त्यामुळे जीवनाची आशा दिसली.

जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून औषधावरील पेटंट भारतात पुन्हा लागू झाले, आणि जुनी वाट अरुंद झाली. आता नव्या औषधांच्या शोधासाठी व परदेशी बाजारपेठेसाठी मोठे भांडवल, इतर कंपन्यांची खरेदी आणि भागीदारी यांवाचून गत्यंतर उरले नाही. सिप्लाने २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतील मेडप्रो ही कंपनी आणि २०१६ साली अमेरिकेतील इनव्हाजेन व एक्सेलान या कंपन्या सुमारे ५५ कोटी डॉलरना घेतल्या. एके काळी ३५० रुपये भाड्याच्या बंगल्यातून निघालेल्या संस्थेचा हा प्रवास थक्क करणारा आहे. तरीही जगाला सर्वस्वी नवे औषध देण्याच्या बाबतीत आपला देश अद्याप मागे आहे, आणि ते काम डॉ. हमीद यांच्या वारसदारांपुढे अजून शिल्लक आहे.

विद्या कंपनीला विनामूल्य देणारा, नफा संशोधनाकडे वळविणारा आणि ग्राहकामध्ये रुग्ण पाहणारा हा उद्योजक होता. धन मिळविणे व लोककल्याण साधणे या दोन वाटा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, असा समज आपल्या समाजात अनेकांचा आहे. त्या एकाच पेढीवर नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्राने सिद्ध केले. आपल्या गावातील जी मुले-मुली आज औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी आणि त्यांना भांडवल पुरवू शकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे. तरुणांची विद्या आणि वडिलांची थैली एकत्र आली, तर पुढचे औषध लहान गावांतूनही का निर्माण होऊ नये?