विश्लेषण : तळघरातला ऋतू आणि फूरिएंची साइन लाट

ऑनलाइन गाण्याची फाइल आटोपशीर करणारे गणित मुळात गाण्यासाठी नव्हतेच. घन पदार्थातून उष्णता कशी सरकते, या प्रश्नातून ते पुढे आले. त्याचे जनक जोसेफ फूरिए हे पेशाने चक्क प्रशासकीय अधिकारी होते.

२१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर येथे शिंप्याच्या घरी जन्म. लहानपणीच आईवडील गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये तुरुंगवास घडला. रोबेस्पिएरचा पाडाव झाला म्हणून सुटले. १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्त, तर १८०२ पासून ग्रनोबल येथे प्रीफेक्ट, म्हणजे साधारण आपले जिल्हाधिकारी. उष्णतेचे गणित चालले ते कामातून उरलेल्या वेळात.

साइन वक्र सरकतो म्हणजे काय?

साइन क्षचा एक फेरा ३६० अंशांत पूर्ण होतो. क्षऐवजी २क्ष घेतले की १८० अंशांतच. क्षमधून ९० अंश वजा केले की वक्र उजवीकडे ९० अंश सरकतो. मात्र साइन (२क्ष − ९०) फक्त ४५ अंश सरकतो, कारण आधी २ सामाईक काढावे लागतात. परीक्षेत गुण जातात ते इथेच.

जमिनीवरचे वर्षभराचे तापमान ही अशीच ३६५ दिवसांची लाट मानली, तर फूरिएंच्या समीकरणानुसार खाली जाताना तिची उंची घटते आणि ती मागे सरकत जाते. सर्वसाधारण मातीत सहा-सात मीटरवर ती सहा महिने मागे पडते. वर उन्हाळा, तेव्हा खाली हिवाळा! अर्थात तिथवर मूळ चढउताराचे जेमतेम ४ टक्के उरतात. दिवस-रात्रीची लाट तर फारच उथळ; वार्षिक लाट तिच्यापेक्षा सुमारे १९ पट खोल जाते, कारण ३६५चे वर्गमूळ तेवढे आहे.

वाद कशावरून झाला?

१८०७ मध्ये फूरिएंनी पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे निबंध मांडला. कोणताही आवर्ती आलेख, अगदी मध्येच तुटलेलासुद्धा, साइन-कोसाइन वक्रांच्या बेरजेतून उभा करता येतो, हा त्यातला दावा. लाग्रांज यांना तो पटला नाही आणि निबंध छापला गेला नाही. पुढे उष्णतेवरच्या स्पर्धेत १८११चा सुधारित निबंध बक्षीसपात्र ठरला, पण सिद्धतेत कच्चेपणा असल्याचा शेरा मारूनच. छपाई तेव्हाही नाहीच. शेरा अगदीच अनाठायी नव्हता. बेरीज कधी जुळते याच्या पक्क्या अटी डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये सिद्ध केल्या.

१८२२ मध्ये फूरिएंचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी ते विज्ञान अकादमीचे कायम सचिव झाले. मग तो जुना निबंध त्यांनी अकादमीच्याच ग्रंथमालेत छापवून घेतला. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.